घरावर हेरिटेज ओव्हरले आहे म्हणे, म्हणजे आता खिळा पण ठोकायचा नाही का?

मेलबर्नमध्ये घर बघायला लागलं की कधी ना कधी हा प्रसंग येतोच. घर आवडतं, बजेटमध्ये बसतं, ट्रेन स्टेशन चालत दहा मिनिटांवर असतं, आणि मग एजंटकडून सेक्शन ३२चा गठ्ठा येतो, म्हणजे विकणाऱ्याने द्यायचे घराचे कायदेशीर कागद. त्यात कुठेतरी प्लॅनिंगच्या पानावर लिहिलेलं असतं, हेरिटेज ओव्हरले, पुढे एचओ आणि एक नंबर. आमच्या ओळखीतल्या एका जोडप्याचं असंच झालं, शंभरेक वर्षं जुना कॅलिफोर्नियन बंगलो, दोघांनाही पसंत, आणि हे पान बघून नवरा म्हणाला सोडून देऊ, उद्या मागे एक खोली काढायची म्हटलं तरी सरकार येईल घरात. बायको म्हणाली आधी वाचू तरी. तिचं बरोबर होतं, पण वाचायचं काय आणि कुठे हे दोघांनाही माहीत नव्हतं, मलाही तेव्हा अर्धवटच माहीत होतं, म्हणून नंतर बसून सगळं नीट समजून घेतलं. हे सगळं व्हिक्टोरिया राज्यापुरतं आहे हां, सिडनीवाल्यांचा कायदा वेगळा, तिकडे हे नियम लावू नका.

सुरुवात एका गोष्टीपासून करू, कारण तिथेच सगळ्यांचा घोळ होतो. इथे "हेरिटेज" ही एकच यादी नाहीये. वर वर्ल्ड हेरिटेज, त्यात मेलबर्नची रॉयल एक्झिबिशन बिल्डिंग आणि कार्लटन गार्डन्स २००४ पासून आहे. मग देशपातळीची यादी. मग राज्याचं व्हिक्टोरियन हेरिटेज रजिस्टर, ते हेरिटेज ॲक्ट २०१७ खाली चालतं आणि त्यातल्या वास्तूंची परमिटं हेरिटेज व्हिक्टोरिया देतं. आणि सगळ्यात खाली, म्हणजे आपल्यासारख्यांच्या गल्लीत, काउन्सिलचा, म्हणजे स्थानिक पालिकेचा, हेरिटेज ओव्हरले. राज्यात ७९ काउन्सिल आहेत, प्रत्येक भागाची आपली प्लॅनिंग स्कीम आहे, म्हणजे कुठे काय बांधता येईल त्याचं जाडजूड नियमपुस्तक आणि सोबत नकाशे, आणि त्या स्कीममधलं कलम ४३.०१ म्हणजे हा ओव्हरले. ओव्हरले शब्दाचा अर्थ अगदी सरळ घ्या, नकाशावर ठेवलेला पारदर्शक कागद. खाली तुमचा झोन तसाच राहतो, रेसिडेन्शियल तर रेसिडेन्शियल, त्याच्यावर हा एक जास्तीचा थर चढतो.

अजून एक नाव ऐकू येतं, नॅशनल ट्रस्ट. ही १९५६ पासूनची संस्था आहे, सरकारी खातं नाही, आणि त्यांनी एखादी इमारत "क्लासिफाय" केली म्हणजे तिला कायद्याचं कवच मिळालं असं होत नाही. मान मिळतो, वजन पडतं, पण बुलडोझर थांबत नाही.

बुलडोझरचं म्हणाल तर हे कायदे आले त्याच्यामागे तीच कहाणी आहे. १८५०च्या दशकातल्या सोन्याच्या लाटेत आणि नंतर १८८०च्या तेजीत हे शहर उभं राहिलं, आणि दुसऱ्या महायुद्धानंतर त्यातलं बरंच काही पाडायला सुरुवात झाली. कॉलिन्स स्ट्रीट आणि किंग स्ट्रीटच्या कोपऱ्यावर १८८८ मध्ये उघडलेला फेडरल कॉफी पॅलेस होता, नाव कॉफीचं पण होतं प्रचंड मोठं हॉटेल, दारू न विकणारं, जुने फोटो बघा, राजवाडाच वाटतो. १९७३ मध्ये पाडला. उलट रीजंट थिएटर १९७० मध्ये बंद पडलं, तेही जाणार होतं, पण बांधकाम कामगारांच्या युनियनने पाडायला नकार दिला, ते वर्षानुवर्षं रिकामं पडून राहिलं आणि १९९६ मध्ये पुन्हा उघडलं. म्हणजे बघा, कायदा नव्हता तेव्हा एक इमारत वाचणार की नाही हे कामगार हातात हातोडा घेतात की नाही यावर अवलंबून होतं. १९७४ मध्ये व्हिक्टोरियाने ऐतिहासिक इमारतींचा कायदा केला, ऑस्ट्रेलियातल्या राज्यांमध्ये पहिला. पण तो मोठ्या इमारतींसाठी. गल्लीतली साधी घरं, कोपऱ्यावरचा पब, जुना बेकरीचा गाळा, हे सगळं काउन्सिलच्या वाट्याला आलं ते नंतर, १९८७च्या प्लॅनिंग अँड एन्व्हायरन्मेंट ॲक्टच्या चौकटीत. त्या कायद्याच्या उद्दिष्टांमध्येच लिहिलंय की शास्त्रीय, सौंदर्याच्या, वास्तुकलेच्या किंवा इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाच्या जागा जपायच्या. म्हणजे काउन्सिलला हौस आली म्हणून हे करत नाहीत, ते त्यांच्या कामातच येतं.

आता खरा मुद्दा, एखादी जागा हेरिटेज ठरते कशी. बऱ्याच जणांना वाटतं शंभर वर्षं झाली की आपोआप होते. नाही होत. वयाची अटच नाही. आणि सुंदर असायला पाहिजे अशीही नाही. ठरवायला आठ निकष आहेत, त्यांना हेरकॉन निकष म्हणतात, १९९८ मध्ये कॅनबराला झालेल्या हेरिटेज कन्व्हेन्शनवरून ते नाव पडलं. जागा त्या भागाच्या इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाची आहे का, दुर्मिळ आहे का, तिच्यातून पुढे काही नवीन माहिती मिळण्यासारखी आहे का, एखाद्या प्रकारच्या घरांचा चांगला नमुना आहे का, दिसायला विशेष आहे का, बांधणीत काही तांत्रिक किंवा कल्पक कर्तृत्व आहे का, एखाद्या समाजाचं तिच्याशी घट्ट नातं आहे का, आणि कुणा महत्त्वाच्या माणसाशी किंवा गटाशी तिचा संबंध आहे का. यातला एक निकष पक्का लागू झाला तरी पुरतं, आठही लागत नाहीत. फक्त उंबरठा स्थानिक असतो, म्हणजे ते घर अख्ख्या व्हिक्टोरियासाठी महत्त्वाचं असायची गरज नाही, त्या काउन्सिलच्या हद्दीसाठी किंवा तिच्या एका भागासाठी असलं तरी चालतं.

या सगळ्याच्या पाठीमागे बुरा चार्टर नावाचा दस्तऐवज आहे. साउथ ऑस्ट्रेलियात बुरा नावाचं जुनं तांब्याच्या खाणीचं गाव आहे, तिथे १९७९ मध्ये इकॉमॉस या ऐतिहासिक वास्तू जपण्यासाठीच्या आंतरराष्ट्रीय संस्थेच्या ऑस्ट्रेलियन शाखेने तो मंजूर केला, शेवटची सुधारित आवृत्ती २०१३ची. त्याचं सार मला फार आवडतं, लागेल तेवढंच करा आणि होईल तितकं कमी करा. आणि दुसरं म्हणजे, आधी त्या जागेचं महत्त्व समजून घ्या, मगच तिच्यात काय बदल करायचा ते ठरवा. वाचायला सोपं आहे, पण आपण घर घेतो तेव्हा नेमकं उलट करतो, आधी किचन कुठे हलवायचं ते ठरवतो.

प्रत्यक्षात काम असं चालतं. काउन्सिल सल्लागार नेमतं, ते हेरिटेज स्टडी करतात. आधी त्या भागाचा विषयवार इतिहास लिहितात, म्हणजे वस्ती कशी झाली, ट्राम कधी आली, कारखाने कुठले होते, स्थलांतरित कुठून आले. मग रस्त्यारस्त्याने फिरून बघतात, साधारणपणे फुटपाथवरूनच, तुमच्या बेडरूममध्ये कुणी डोकावत नाही. मग जुन्या टायटल, रेट बुक म्हणजे घरपट्टीच्या वह्या, सिवरेजचे नकाशे असल्या कागदांत शोधाशोध. हे सिवरेजचे नकाशे म्हणजे खजिना असतो, कारण त्यात शंभरेक वर्षांपूर्वी कुठल्या प्लॉटवर घराचा आकार कसा होता, संडास मागे कुठे होता, हे सगळं रेघारेघांत काढलेलं असतं. मग तशाच दुसऱ्या घरांशी तुलना करतात, कारण एका घराला चांगलं म्हणायचं तर कशाच्या तुलनेत हे सांगावं लागतं. आणि शेवटी तयार होतं ते स्टेटमेंट ऑफ सिग्निफिकन्स.

या कागदावर मी थोडा वेळ घालवणार आहे, कारण आख्ख्या प्रकरणात तोच सगळ्यात उपयोगाचा आहे आणि तोच कुणी वाचत नाही. त्यात तीन प्रश्नांची उत्तरं असतात, काय महत्त्वाचं आहे, कोणत्या प्रकारे महत्त्वाचं आहे, आणि का. पहिल्या भागात नेमकं लिहिलेलं असतं, उदाहरणार्थ पुढचा व्हरांडा, लाल विटांची चिमणी, मूळच्या लाकडी खिडक्या, बुटकं कुंपण. बऱ्याचदा हेही लिहिलेलं असतं की मागची नंतरची लीन-टू, म्हणजे भिंतीला टेकवून काढलेली उतरत्या छपराची खोली, किंवा गॅरेज महत्त्वाचं नाही. एवढं एक वाक्य तुमचं निम्मं टेन्शन घालवतं. उद्या परमिटचा अर्ज आला की काउन्सिलचा प्लॅनरही हाच कागद उघडून बसतो आणि बघतो की तुम्ही जे करताय त्याने त्यात लिहिलेल्या गोष्टींना धक्का लागतोय का. म्हणून घर घेण्याआधी एजंटला "काही प्रॉब्लेम नाही ना" असं विचारण्यापेक्षा हा कागद मागा. व्हिक्टोरियन हेरिटेज डेटाबेसवर किंवा काउन्सिलच्या साइटवर बऱ्याचदा फुकट सापडतो. जुन्या लिस्टिंगचं स्टेटमेंट कधीकधी दोनच ओळींचं असतं किंवा नसतंच, तिथे मग वाद जास्त होतात.

दुसरं बघायचं म्हणजे तुमचं घर एकटं लिस्टेड आहे की प्रीसिंक्टमध्ये आहे. प्रीसिंक्ट म्हणजे आख्खी गल्ली किंवा मोहल्ला एका नंबरखाली. त्यात घरांचे प्रकार पाडलेले असतात, सिग्निफिकंट म्हणजे स्वतःच्या जोरावर महत्त्वाचं, काँट्रिब्युटरी म्हणजे एकट्याने काही खास नाही पण रांगेत शोभतं, आणि नॉन-काँट्रिब्युटरी म्हणजे मधेच कुणीतरी १९८०च्या सुमाराला बांधलेला विटांचा फ्लॅटचा ठोकळा, तोही ओव्हरलेमध्ये येतो कारण तो पाडून तिथे काय उभं राहणार याने शेजारच्यांवर परिणाम होतो. पंगतीसारखं आहे हे, एक पान उठलं की पंगत मोडल्यासारखी दिसते, त्या पानावर काय वाढलं होतं हा मुद्दा वेगळा. नॉन-काँट्रिब्युटरी घर पाडायचं परमिट साधारणपणे मिळतं, काँट्रिब्युटरीचं मिळणं अवघड, सिग्निफिकंटचं तर विसराच.

मग परमिट कशाला लागतं? पाडायला, बांधायला, बाहेरून बदल करायला, जमिनीचे तुकडे करायला, बोर्ड लावायला. आणि लोकांना आश्चर्य वाटतं ती गोष्ट म्हणजे आधी कधीच न रंगवलेली वीट रंगवायला. आधीच रंगवलेली भिंत परत रंगवायची असेल तर बहुतेक ठिकाणी परमिट लागत नाही, पण त्या ओव्हरलेच्या शेड्यूलमध्ये तुमच्या नंबरसमोर रंगाचं बंधन "हो" असेल तर लागतं. हे शेड्यूल म्हणजे मोठा तक्ता असतो, एका ओळीत तुमचा एचओ नंबर आणि पुढे रकाने, बाहेरचा रंग, आतले बदल, झाडं, आउटबिल्डिंग आणि कुंपणं, प्रत्येकात हो किंवा नाही. आतल्या बदलाच्या रकान्यात बहुतेक घरांना "नाही" असतं, म्हणजे किचन तोडा, बाथरूम बदला, आतली भिंत काढा, हेरिटेजवाले काही विचारणार नाहीत, बिल्डिंग परमिट लागलं तर ते वेगळं. होती तशीच दुरुस्ती, म्हणजे कुजलेली फळी काढून तशीच फळी लावणं, यालाही लागत नाही. सोलर पॅनेल रस्त्यावरून किंवा सार्वजनिक बागेतून दिसत असतील आणि शेड्यूलमध्ये सोलरच्या रकान्यात "हो" असेल तर लागतं, आणि इथे मागची लेन हा रस्ता धरत नाहीत, ही सूट बऱ्याच जणांना माहीतच नसते. छोट्या कामांना व्हिकस्मार्ट नावाची लवकरची रांग आहे, दहा कामकाजाच्या दिवसांत निकाल द्यायचा असतो. मोठ्या अर्जाला काउन्सिलने ६० दिवसांत निर्णय नाही दिला किंवा नकार दिला तर व्हीकॅट नावाच्या ट्रायब्युनलकडे जाता येतं. घड्याळ मधे थांबतंही, काउन्सिलने जास्तीची माहिती मागितली की, त्यामुळे कॅलेंडरवरच्या ६० दिवसांवर विसंबून बिल्डर बुक करू नका.

आता तुमचं घर अजून ओव्हरलेमध्ये नाही, पण पत्र आलंय की काउन्सिल घालायचा विचार करतंय. हे पत्र रद्दीत टाकू नका. यासाठी प्लॅनिंग स्कीममध्ये दुरुस्ती करावी लागते आणि तिची पायरीपायरीने प्रक्रिया आहे. काउन्सिल आधी प्लॅनिंग मंत्र्यांकडून पुढे जायची परवानगी घेतं, मग दुरुस्ती लोकांसमोर ठेवतं, कमीत कमी एक महिना. त्या काळात कुणीही लेखी म्हणणं देऊ शकतं, मालक, शेजारी, इतिहास मंडळ, कुणीही. आक्षेप असले आणि काउन्सिलला ते मान्य नसतील तर विषय स्वतंत्र पॅनेलकडे जातो, तिथे तुम्ही स्वतः बोलू शकता, वकील लागतोच असं नाही. पॅनेल शिफारस करतं, काउन्सिल ती मानतं किंवा नाही मानत, आणि शेवटचा शिक्का मंत्र्यांचा. गॅझेटमध्ये आलं की लागू.

पॅनेलसमोर लोक काय बोलतात आणि काय चालतं यात मोठी दरी आहे, आणि इथे बिचारे मालक खरंच फसतात. माझ्या घराची किंमत पडेल, मला दोन युनिट बांधायची होती, घराला भेगा गेल्यात, म्हातारपणाची सोय होती ही. माणूस म्हणून सगळं पटतं. पण पॅनेल वर्षानुवर्षं एकच सांगत आलंय की लिस्टिंगच्या वेळी प्रश्न एवढाच, ही जागा महत्त्वाची आहे की नाही. घराची अवस्था, तुमचे प्लॅन, हे सगळं परमिटच्या वेळी बघू. त्यामुळे आक्षेप घ्यायचा तर त्या स्टेटमेंटवर घ्या, की तुम्ही म्हणता मूळचा व्हरांडा पण तो तर नंतर बसवलाय, हे बघा जुने प्लॅन, किंवा तुम्ही म्हणता दुर्मिळ, पण याच सबर्बमध्ये असली आणि यापेक्षा चांगली घरं आधीच लिस्टेड आहेत. असा आक्षेप ऐकला जातो. मला ही विभागणी शंभर टक्के न्याय्य वाटते का, तर नाही, कारण एकदा लिस्ट झालं की परमिटच्या टेबलावर तुमचा हात खालीच असतो. पण नियम असाच आहे, तर त्या नियमाने खेळावं.

मालक चिडले की काय होतं याचं उदाहरण म्हणजे बेसाइड काउन्सिल. ब्युमॉरिस आणि आसपास १९५० ते ७०च्या दशकातली मॉडर्न घरं आहेत, सपाट छप्पर, मोठाल्या काचा, टी-ट्री नावाच्या तिथल्या झाडांमध्ये लपलेली. काउन्सिलने त्यांची स्टडी करायला घेतली तर रहिवाशांनी एवढा विरोध केला की ती २०१८ मध्ये गुंडाळली आणि ज्यांना हवंय त्यांनी स्वतःहून नाव द्या असं केलं. या सगळ्या काळात घरं पडत राहिली आणि पुढे काउन्सिलला पुन्हा रीतसर अभ्यासाकडेच यावं लागलं. कारण ओव्हरलेमध्ये नसलेलं घर राहत्या वस्तीत पाडायला साधारणपणे प्लॅनिंग परमिट लागतच नाही. कितीही इतिहास असू दे, नकाशावर नाही तर नाही.

अगदी शेवटच्या क्षणाला एक ब्रेक आहे. बिल्डिंग ॲक्ट १९९३चं कलम २९ए. घराचा अर्ध्याहून जास्त भाग किंवा रस्त्याकडची दर्शनी बाजू पाडायची असेल तर बिल्डिंग सर्व्हेयरला काउन्सिलची संमती मागावी लागते आणि काउन्सिलकडे १५ कामकाजाचे दिवस असतात. त्या दिवसांत काउन्सिल मंत्र्यांकडे तातडीच्या, तात्पुरत्या ओव्हरलेची मागणी करू शकतं, आणि मागणी केली की पाडायची परवानगी लटकते. शेजाऱ्यांची धावपळ, फेसबुक ग्रुप, गेटवर पोस्टर, हे सगळं तुम्ही बघता ते बऱ्याचदा या १५ दिवसांतलं असतं. पण मंत्री हो म्हणतीलच असं नाही, आणि संमती आधीच देऊन झाली असेल तर सगळंच संपलं. म्हणून गल्लीतलं काही वाचावं असं वाटत असेल तर ते विकायला निघायच्या आधी काउन्सिलला लिहा, फोटो आणि जी काय माहिती असेल ती जोडून, म्हणजे पुढच्या स्टडीच्या यादीत तरी येईल.

आणि ओव्हरले असूनही पाडलं तर? कार्लटनमधला कॉर्कमन पब, १८५०च्या दशकातली इमारत, ओव्हरलेमध्ये होती. ऑक्टोबर २०१६ मध्ये एका वीकेंडला मालकांनी परमिट नसताना पाडून टाकली. शहर हादरलं. कोर्टात दंड झाला, सगळा मिळून दहा लाख डॉलरच्या वर, आणि जागा साफ करायचा आदेश पाळला नाही म्हणून पुढे कोर्टाच्या अवमानाचं प्रकरणही झालं. पण इमारत काही परत आली नाही. डेव्हलपरला दंड म्हणजे प्रोजेक्टचा एक खर्च वाटू शकतो, हे त्यातून सगळ्यांच्या लक्षात आलं, म्हणून २०२१ मध्ये कायदा बदलला. आता बेकायदा पाडलेल्या हेरिटेज इमारतीच्या जागेवर दहा वर्षांपर्यंत बांधकाम रोखता येतं. दंडापेक्षा हे जास्त झोंबतं, कारण रिकाम्या जमिनीवर कर्जाचं व्याज चालूच राहतं.

एक भोक मात्र अजून उघडं आहे. राज्याच्या रजिस्टरवरची वास्तू मालकाने मोडकळीला येऊ द्यायची नाही असं हेरिटेज ॲक्टमध्येच आहे, पण काउन्सिलच्या ओव्हरलेमध्ये तशी सक्ती नाही. तो म्हणतो बदलायला परमिट घ्या, छत गळतंय ते दुरुस्त कराच असं म्हणत नाही. त्यामुळे एखादा मालक हात बांधून बसला आणि पावसाला काम करू दिलं तर ओव्हरलेच्या जोरावर काउन्सिल त्याला दुरुस्ती करायला लावू शकत नाही.

आदिवासी वारशाचं या सगळ्यात थोडक्यात आटपतो, पण ते कमी महत्त्वाचं म्हणून नाही, तो कायदाच वेगळा आहे, ॲबोरिजिनल हेरिटेज ॲक्ट २००६. नदीकाठ, खाडी, जुनी झाडं असा भाग असेल आणि मोठं बांधकाम असेल तर त्याची वेगळी तपासणी लागू शकते, आणि ती तिथल्या मूळ रहिवाशांच्या नोंदणीकृत संस्थांच्या सहभागाने होते.

तर घर बघताय तर व्हिकप्लॅन उघडा, सरकारी साइट आहे, पत्ता टाका, प्रॉपर्टी रिपोर्ट फुकट मिळतो, त्यात ओव्हरले दिसतो. नंबर घ्या, शेड्यूलमधली ओळ शोधा, स्टेटमेंट वाचा, आणि मग काउन्सिलच्या प्लॅनिंगवाल्यांशी अर्जाआधीची भेट मागा, बऱ्याच काउन्सिलांकडे हेरिटेज ॲडव्हायझर असतो आणि तो आर्किटेक्टला पैसे देण्याआधीच सांगतो की मागे दोन मजले चालतील पण ते रस्त्यावरून छपराच्या वर दिसता कामा नयेत.

त्या जोडप्याने शेवटी ते घर घेतलं. मागे मोठी खोली आणि नवीन किचन झालं, परमिट मिळालं, पुढून बघितलं तर काही बदललंय असं वाटत पण नाही. अडलं ते फक्त कुंपणावर. नवऱ्याला पुढे सहा फुटी बंद कुंपण हवं होतं, कुत्र्यासाठी, आणि स्टेटमेंटमध्ये पहिल्याच परिच्छेदात बुटकं वीटकाम लिहिलेलं. आता कुत्रा मागच्या अंगणात असतो.